हक्कांसाठी झगडणाऱ्या छोट्या संस्थेनं पैसा उभा करायचा कसा?

तुम्ही विचारलंय की कर्नाटकातल्या खानापूर भागात शाळा, बस आणि रेशनच्या प्रश्नांवर तुमची नोंदणीकृत संस्था काम करते, कंपन्या सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी काढून ठेवलेला, पैसा देत नाहीत, मग पावतीपुस्तक घेऊन त्याच त्या दारांत किती वेळा जायचं? बेळगावात अशाच एका संस्थेचे हिशेब मी बघतो, त्यावरून सांगतो.

सीएसआरचा नाद सोडा. शाळेला बाकं द्यायला कंपनी येईल. शिक्षक का भरले नाहीत म्हणून अधिकाऱ्यांना जाब विचारणाऱ्याच्या मागे ती उभी राहणार नाही. निवडणुकीच्या तोंडावर कुणी इच्छुक पाकीट पुढे करील, तेही घेऊ नका. उद्या त्याच्याच दारात निवेदन घेऊन जायचंय.

ज्यांचा प्रश्न, त्यांचाच पैसा. थोडा थोडा, पण पुष्कळांचा. अंताजी दामोदर काळ्यांनी असाच पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 साली तळेगावात काच कारखाना निघाला. आपल्याकडे पैशाच्या जागी भात धरा. सुगीत रोख मागितली तर शेतकरी म्हणतो, ‘भात विकू दे, मग बघू’, आणि विकल्यावर सोसायटीचं कर्ज आधी उभं राहतं. मळणी चालू असताना खळ्यावर गेलात तर सूपभर भाताला सहसा कुणी नाही म्हणत नाही. गावात एकाच घरी पोती ठेवा आणि वही त्या घरच्या बाईच्या हाती द्या: नाव, माप, तारीख. इंद्रायणी आणि बासमती सुरुवातीपासून वेगळी ठेवा. एकदा मिसळलं की भाव पडलाच. गिरणीवाल्याशी आधी बोललात तर कोंड्यावर भरडणावळ बरीचशी भागते. पुण्या-मुंबईत गेलेली आपली माणसं गावचा तांदूळ शोधतच असतात. मात्र विक्री बचत गटाकडे सोपवा आणि गटाच्या नावे एफएसएसएआयची, म्हणजे अन्नपदार्थ विकण्यासाठी लागणारी, नोंदणी करून घ्या. तुमच्यासारख्या लोकोपयोगी उद्देशाच्या संस्थेची धंद्याची जमा एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेली तर करसवलत धोक्यात येते. शिवाय गटातल्या बायकांनाही चार पैसे सुटतात, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

नोकरदारांकडे जाताना ‘संस्थेला मदत करा’ म्हणू नका, नेमका खर्च सांगा. कर्नाटकात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. त्यामुळे एका शाळेच्या प्रकरणातही बरेच अर्ज होतात. प्रत्येकाला 10 रुपये, वर कागदांचे पानाला 2 रुपये. कन्नड मसुदा करून देणाऱ्याचं मानधन असतं, हायकोर्टात गेलात तर धारवाडच्या फेऱ्या असतात. आमच्याकडे एका निवृत्त गुरुजींनी झेरॉक्सचा खर्च उचललाय. आलेला प्रत्येक कागद ते स्वतः वाचतात आणि उत्तराची मुदत टळली की आम्हाला फोन करतात. असा देणगीदार मोठ्या चेकपेक्षा मोलाचा. बाकीच्यांना यूपीआय ऑटोपेवर महिन्याला शंभर रुपये लावायला सांगा, म्हणजे ते खात्यातून आपोआप येत राहतात.

देणगीदाराला करसवलत देणारी 80जी ची पावती असली तरी 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि नवी करपद्धत घेतलेल्याला ती मुळातच मिळत नाही. तेव्हा पावतीच्या आमिषावर फार विसंबू नका. गुप्तदानाची पेटीही नको. निनावी रक्कम मर्यादेबाहेर गेली की 30 टक्के कर बसतो.

आखातातल्या, अमेरिकेतल्या गाववाल्यांकडून पैसे घेण्याआधी पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिकानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेलं चालतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचा, अगदी सख्ख्या भावाचा असला तरी, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय रुपयाही खात्यात घेऊ नका. दर तीन महिन्यांनी जमा-खर्च मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, खाली वही सांभाळणाऱ्या बाईंची सही घ्या.