शंका-समाधान : प्रार्थना कोरडी पडते तेव्हा

प्रश्न (वसई) : रोज पहाटे शुभवर्तमानातला उतारा घेऊन अर्धा तास मनन करतो. पूर्वी डोळे भरून यायचे. आता वाचून झालं की मन पुढे सरकतच नाही. ही क्रुसाच्या संत योहानांची ‘काळोखी रात्र’ समजायची, की निव्वळ आळस?

उत्तर : ‘काळोखी रात्र’ म्हणजे देव प्रार्थनेतली गोडी काढून घेऊन जीवाला शुद्ध करतो तो कोरडा काळ. पण हे नाव हल्ली कंटाळ्यापासून घरच्या भांडणापर्यंत कशालाही चिकटवतात. स्पेनचे संन्यासी-कवी योहान (१५४२–१५९१) याबाबतीत फार काटेकोर होते. त्यांनी तीन खुणा दिल्या आहेत आणि त्या तिन्ही एकदम दिसायला हव्यात.

पहिली, देवाच्या गोष्टींत गोडी उरत नाही आणि इतर कशातही लागत नाही. प्रार्थना नकोशी, पण मोबाइल मात्र तासभर सुटत नाही, असं असेल तर ती रात्र नव्हे, हयगय आहे. दुसरी, ‘मी देवाला अंतरतोय’ ही टोचणी सतत लागून राहते. कोमट झालेल्या माणसाला असली काळजी नसते. तिसरी, मनापासून प्रयत्न करूनही प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहत नाही, विचार पुढे जात नाही, आणि हे चार दिवसांत ओसरत नाही. नुसती पहिली खूण उदास प्रकृतीमुळेही दिसू शकते, म्हणून योहान दुसरीवर भर देतात. झोप, भूक, कामातलं लक्ष सगळंच बिघडलं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. रात्र आणि आजार एकाच वेळी असू शकतात, तेव्हा औषध घेतल्याने साधनेत काही उणं येत नाही.

तिन्ही खुणा जुळल्या तर मननासाठी झटापट करू नका. तीच सर्वांत नेहमीची चूक. जुनी गोडी परत आणायच्या खटपटीत जी शांती आत येऊ पाहतेय तीच मोडते. देवाकडे प्रेमाने लक्ष ठेवून स्वस्थ बसा. ‘काहीच करत नाही’ असं वाटेल, वाटू द्या. मनन जमेल त्या दिवशी मात्र खुशाल करा. खुणा जुळत नसतील तर पुस्तकाकडे परत जा. योहानांच्याच काळातल्या संन्यासिनी, आविलाच्या संत तेरेजा सुमारे अठरा वर्षं, कम्युनियन (मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद) घेतल्यानंतरची वेळ सोडली तर, पुस्तक हाताशी असल्याशिवाय प्रार्थनेला बसायला धजत नसत.

दोन्ही बाबतींत वेळ कापू नका. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस उलटच सांगतात : मन कोरडं असेल तेव्हा ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसा. आणि अशा काळात आधीचा कोणताही निर्णय फिरवू नका.

प्रश्न (पुणे) : ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी एकदाच जेवते आणि रात्री जागून प्रार्थना करते. अलीकडे अंग गळून जातं, तासन्‌तास गुंगीत बसून राहते. ही समाधी म्हणावी का?

उत्तर : नाही. जेवा आणि झोपा. तेरेजांनी १५७७ साली लिहिलेल्या ‘आंतरिक किल्ला’ या पुस्तकात आत्मा म्हणजे सात निवासांचा (दालनांचा) किल्ला आहे. त्यातल्या चौथ्या निवासात हेच वर्णन आहे : उपवास-जागरणाने अशक्त झालेल्या मठातल्या बहिणी गुंगीलाच भावावस्था समजतात. एक तर आठ तास तशी पडून राहायची. तिला झोप आणि अन्न दिलं, तप कमी केलं, आणि प्रकार थांबला. खऱ्या अनुभवात शरीर ढिलं पडलं तरी आत्मा जागा असतो, आणि ती अवस्था फार वेळ टिकत नाही. कॅथलिक चर्चचं उपवासाचं बंधन तरी किती? १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसाला राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, हे दोनच दिवस. त्यातही एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं चालतं. यापुढचं काहीही आध्यात्मिक मार्गदर्शकाला विचारून करा. तपाची हौस स्वतःच्या मताने भागवण्यात अहंकारच पोसला जातो.

प्रश्न (नाशिक) : ख्रिस्ती संतांचं ‘देवाशी ऐक्य’ आणि आपलं अद्वैत एकच ना?

उत्तर : शब्द जवळचे, मांडणी वेगळी. योहान खिडकीच्या काचेचा दाखला देतात. काच स्वच्छ असेल तर ऊन तिच्यातून असं येतं की ती उन्हासारखीच दिसते, तरी काच ती काच आणि ऊन ते ऊन. जीव आणि देव यांचं स्वरूप वेगळंच राहतं. एक होते ती इच्छा, आणि तेही प्रेमाने, कृपेने. इच्छा जुळली की नाही हे डोळे मिटून कळत नाही. तेरेजा पाचव्या निवासात त्याची कसोटी सांगतात : आजारी बहिणीला तुमची मदत होणार असेल तर भक्तीत खंड पडेल म्हणून अडू नका, लगेच उठा, गरज पडली तर तिला खायला मिळावं म्हणून स्वतः उपाशी राहा.