मालक म्हणतात, वर्षभर कॉलेज सोड

प्रश्न : मी करमाळा तालुक्यातला, वय २०. पुण्यात एस.वाय.बी.कॉम.ला आहे. वडिलांचं म्हणणं, बारावी झाली तेवढं पुरे, आता चार एकर बघ. मी ऐकलं नाही. तेव्हापासून घरून रुपया येत नाही, वडील बोलतही नाहीत. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. सकाळी साडेसातला कॉलेज, दुपारी तीन ते रात्री साडेदहा मेडिकलच्या दुकानात. ९,००० मिळतात, त्यातले ६,००० कॉट आणि मेसमध्येच जातात. एफ.वाय.ला फर्स्ट क्लास होता, यंदा हजेरीच भरत नाही. मालक म्हणतात, वर्षभर फुल टाइम ये, १४,००० देतो. गॅप घेऊ का? आणि शिष्यवृत्तीला वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो, तो कोणत्या तोंडाने मागू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : गॅप घेऊ नकोस. मालक वाईट आहेत म्हणून नव्हे, त्यांना चांगला पोरगा हवाय आणि तू तसा दिसतोस. पण १४,००० हातात आले की दोन महिन्यांत खर्चही १४,०००चा होतो, आणि मग ९,०००वर परत यायचं धाडस होत नाही. माझा रूममेट असाच ‘फक्त एक वर्ष’ म्हणून थांबला होता. आज त्याची दोन दुकानं आहेत, माझ्यापेक्षा बरं चाललंय. तुलाही दुकानच काढायचं असेल तर माझं पुढचं वाचू नकोस.

मी १९८६ साली पुण्यात पेपर टाकायचो. पहाटे साडेचारला फूटपाथवर गठ्ठे सुटायचे, पुरवण्या भरायच्या, सायकलला पिशवी अडकवून ११० घरांची लाइन. रविवारी पिशवी इतकी जड की चढाला सायकल हातात धरून चालायचो. पण सव्वासातला मी मोकळा असायचो. पैसे कमी होते, तरी कॉलेजच्या वेळेला किंवा अभ्यासाच्या वेळेला त्या कामानं कधी हात लावला नाही.

टी.वाय.ला मला लोभ सुटला. संध्याकाळी सात ते दहा एका भुसार व्यापाऱ्याकडे कीर्द-खतावणी लिहायला लागलो. झोप पाच तासांवर आली. कॉस्टिंगच्या पेपरात तिसरा प्रश्न सोडवताना डोळा लागला. जाग आली तेव्हा आकड्यापासून निघालेली पेनाची रेघ घसरत समासापर्यंत गेली होती. तो विषय राहिला. ऑक्टोबरला पुन्हा बसलो. नंतर पेपरच्या एजंटला हे सांगितलं तर तो वैतागलाच, ‘अरे, आठ दिवस दुसरा पोरगा लावला असता, विचारायचंस तरी!’ मी विचारलंच नव्हतं. स्वतःच्या जोरावर शिकतोय ना, मग कुणाकडे काही मागायचं नाही, असलं काहीतरी डोक्यात होतं.

म्हणून तू आधी मालकांकडे जा. फुल टाइम नको, उलट रात्री साडेआठला सोडा, त्याचे पैसे कापा म्हणावं. परीक्षेचं वेळापत्रक लागेल त्याच दिवशी त्यांच्या काउंटरवर नेऊन ठेव. नाही म्हणाले तर दुसरं काम शोध, आणि ते शोधताना पगाराआधी सुटायची वेळ विचार.

कॉलेजमध्ये विद्यार्थी विकास अधिकारी असतात, त्यांना ‘कमवा आणि शिका’बद्दल विचार. लायब्ररीत, ऑफिसात किंवा बागेत दिवसाला दोन-तीन तास काम असतं, तेही कॉलेजच्या आवारातच, म्हणजे जाण्या-येण्यात वेळ जात नाही. झाडांना पाणी घालताना वर्गातल्या मुली बघतील म्हणून लाजू नकोस. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती याच रीतीवर उभी राहिली, आणि त्यांच्या वसतिगृहात पोरं कुदळ-फावडं घेऊनच शिकली. राहायच्या खर्चासाठी विद्यार्थी साहाय्यक समितीकडे चौकशी कर. खेड्यातून पुण्यात आलेल्या मुलांसाठी ती १९५५ पासून वसतिगृहं चालवते. यंदा जागा भरल्या असतील तर पुढच्या प्रवेशाची तारीख तरी विचारून ठेव.

आता दाखला. तो तहसीलमधून मिळतो, त्याआधी तलाठ्याचा अहवाल लागतो. रेशनकार्ड, आधार, सात-बारा, आठ-अ यांच्या झेरॉक्स जवळ ठेव. चार एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारकांत बसता. अशा घरातल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तुझ्या कोर्सला ती आणि आणखी काय लागू होतं ते कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या खिडकीवर विचार आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर फॉर्म भर. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, पण सावकाश येतात. मेसचं बिल त्यांच्या भरवशावर ठेवू नकोस.

वडिलांना फोन करू नकोस. फोनवर ‘नाही’ म्हणणं फार सोपं असतं. एक रविवार दुकानातून सुट्टी घे आणि एसटीनं गावी जा. आधी आईला सांग, की पैसे नकोत, तलाठ्याकडे जायला फक्त एक दिवस हवा. वडील बहुधा रानात असतील. तिथं जाऊन हाताला येईल ते काम कर, विषय लगेच काढू नकोस. एफ.वाय.ची मार्कलिस्ट मात्र खिशात असू दे. त्यांनी अजून पाहिली नसेल.