दुधाच्या हिशेबात सापडलेला ताप

"मॅडम, पोराचं तोंड आलंय, अंगात ताप आहे, पण कशामुळं ते कुणी सांगतच नाही."

सोलापुरात समुपदेशन करताना हे वाक्य कितीदा ऐकलं, मोजदाद नाही. प्रश्न खरा बालरोगतज्ज्ञांचा. पण आईची झोप उडाली, घरात धुसफूस सुरू झाली की तो माझ्याकडे येतो. त्यातलाच हा एक अनुभव, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

ती पूर्व भागातली. नवरा यंत्रमागावर, ती घरी टॉवेलांना शिलाई मारते, सासूबाई बिड्या वळतात. मुलगा चार वर्षांचा. अधूनमधून तापानं फणफणायचा, ओठांच्या आत पांढरट फोड यायचे, थुंकी गिळतानाही रडायचा. 'सासूबाईंच्या तंबाखूच्या भुकटीनं होतंय' हे तिचं ठाम मत. सासूबाई म्हणायच्या, "ही पोराला शेंगाचटणी चारती, उष्णता होणारच की." नवरा जी समोर असेल तिच्या बाजूचा. जाईचा पाला, सब्जा, दृष्ट काढणं, सगळं झालेलं. डॉक्टरही तीन बदललेले, आणि प्रत्येकाला दिसला तो एकेकच ताप.

पहिल्या तीन भेटी ती सासूबाईंबद्दलच बोलली. मी ऐकत राहिले. समजूत घालणं मला फारसं जमत नाही आणि पटतही नाही. माणसाला त्याचाच पुरावा समोर धरू द्यावा, अशा मताची मी आहे.

"ताप कधी कधी आला, लिहून आणाल?"

"तारखा कुठं ध्यानात राहतात मॅडम? दुधाचं तेवढं लिहिते कॅलेंडरवर."

"मग तेच आणा."

पुढच्या भेटीत पिशवीतून गुंडाळी निघाली. कोपऱ्याला फोडणीच्या तेलाचा डाग. चौकटींत पेन्सिलीनं बारीक खुणा: फुली म्हणजे खाडा, 'अ. जा.' म्हणजे अर्धा लिटर जादा. तोंड आलं की पोरगं थंड दुधाशिवाय काही घेत नसे, म्हणून जादा दूध. त्या खुणा सुरू होत होत्या 8 जूनला, 5 जुलैला, 3 ऑगस्टला, 30 ऑगस्टला. दर वेळी चार-पाच दिवस, मग बंद. तिनं बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. 27, 29, 27.

मी मुद्दाम गप्प बसले. बराच वेळ ती कॅलेंडरकडे बघत होती.

"बिड्या तर त्या रोजच वळतात," ती हळूच म्हणाली. मग थोड्या वेळानं, "चटणीपण रोजचीच आहे."

या दोन वाक्यांसाठी मी दीड महिना थांबले होते. तीच मी बोलले असते, तर सासूबाईंची वकील ठरले असते! त्या घरात सगळे 'कशामुळं' विचारत होते, पण ऐकू येत होतं 'कुणामुळं'. हे कळायला मलाही वेळ लागला, हे कबूल करते.

कॅलेंडर घेऊनच ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी मानेतल्या गाठी, घसा पाहिला, तापात आणि ताप नसतानाही रक्त तपासलं. काही मुलांत पांढऱ्या पेशी साधारण 21 दिवसांनी घटतात आणि असाच त्रास होतो, ते आधी वगळावं लागतं. निदान झालं 'पीफापा': ठरावीक अंतरानं येणारा ताप, तोंडातले फोड, घसा, गाठी. बहुधा पाच वर्षांच्या आत सुरू होतो, मधल्या दिवसांत मूल ठणठणीत असतं, संसर्ग पसरत नाही, आणि बहुतेक मुलांत वाढत्या वयात थांबतो. त्याची एकच अशी तपासणी नाही, म्हणून तारखांना मोल.

पण प्रत्येक तोंड येणं म्हणजे पीफापा नव्हे. एकदाच ताप आणि फोड आले तर बहुधा विषाणू असतो. तळहात-तळपायांवरही पुरळ असेल तर हँड-फूट-माउथ, हिरड्या लालभडक सुजून रक्त येत असेल तर हर्पीस. दोन्ही साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतात. तोवर मुलाच्या पोटात पाणी, ताक, थंड दूध जात राहिलं पाहिजे. मूल काहीच पीत नसेल, आठ-आठ तास लघवी नसेल, सुस्त पडलं असेल, किंवा नवं औषध सुरू केल्यावर डोळे लाल होऊन अंगावरही फोड आले असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि तंबाखू खाणाऱ्या मोठ्यांनो, दोन आठवड्यांत न भरलेला फोड 'उष्णता' म्हणून सोडू नका. बिडीची भुकटी या मुलाच्या बाबतीत निर्दोष सुटली, तरी मूल असलेल्या खोलीत ती नकोच, हेही मी त्या घरात सांगितलं. बिड्या वळायचं सूप आता गॅलरीत गेलंय.

शेवटच्या भेटीत तिनं विचारलं, "हा आजार मुळात होतो कशानं?"

"ते अजून पक्कं सापडलेलं नाही."

"मग आता भांडायचं कुणाशी?" म्हणाली, आणि पहिल्यांदाच मोकळी हसली.

सप्टेंबरचं पान तिनं मला फोनवर दाखवलं. 26 तारखेला 'अ. जा.' आधीच लिहिलेलं होतं, जाड, वाकड्या अक्षरात. गवळ्याला सांगूनही ठेवलं होतं, सासूबाईंनी.