जुन्या गाडीचा रंग : आधी पुसून बघा, मग ठरवा

पाऊस तोंडावर आला की पत्रांत इंजिन मागे पडतं आणि रंग पुढे येतो. म्हणून या वेळी सगळी जागा रंगालाच. पहिल्या पत्राने त्यातली निम्मी खाल्ली, पण तशा गाड्या बडोद्यात अजून कितीतरी वाड्यांत उभ्या आहेत, त्यामुळे हात आखडला नाही.

प्रश्न : वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आमच्या वाड्यात पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. रंग गडद निळा. आई म्हणते, गाडी कधीच रंगवलेली नाही, कंपनीचाच रंग आहे. आता बॉनेट, टप आणि डिकी पांढरट पडली आहे आणि हात फिरवला की निळा हाताला लागतो. पेंटर म्हणतो, "सगळा रंग खरवडून पत्र्यापर्यंत जाऊ, नवा पीयू (पॉलीयुरेथेन रंग) मारू, तोंड दिसेल त्यात." करून टाकावं का?
— दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : ताई, एवढ्यात नको. हाताला निळा लागतो याची तुम्हाला धास्ती वाटली. मला ते वाचून बरं वाटलं. आजच्या गाडीवर रंगाचा पातळ थर असतो आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. पद्मिनीला तसलं काही नाही. वर दिसतो तोच रंग, खालपर्यंत तोच. हाताला रंग येतोय म्हणजे वरचा थर हा रंगच आहे, आणि तो अजून शिल्लक आहे.

झालंय काय, तर उन्हाने रेझिन खाल्लं. रेझिन म्हणजे रंगाचे कण एकमेकांना आणि पत्र्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. अतिनील किरणांनी तो वरून झिजत जातो, कण मोकळे पडतात, त्यांची भुकटी होते. भुकटीवर पडलेला उजेड नीट परत येत नाही, विखुरतो, म्हणून गडद निळा राखाडी दिसतो. बिघाड वरच्या वर आहे. दरवाजांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, तेव्हा ते बरे असावेत. आडव्या जागा गेल्या आणि उभ्या राहिल्या, यावरून एवढं कळतं की पत्र्याखाली यायच्या आधी गाडीने भरपूर ऊन काढलंय.

आईंच्या आठवणीवर माझा विश्वास आहे, तरी खात्री करा. दरवाजा उघडून चौकटीतला रंग आणि बाहेरचा रंग शेजारी शेजारी बघा. काचेच्या रबराची कड बोटाने जरा उचला. गाडी नंतर रंगवली असेल तर तिथे हमखास रंगाची रेघ सापडते. मग फ्रिजवर लावतात तसलं एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून मडगार्ड आणि दरवाजांच्या खालच्या भागावरून फिरवा. जिथे पकड सुटेल तिथे आत लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. डिटेलिंगवाल्याकडे थर मोजायचं यंत्र असतं, ते मिळालं तर फारच उत्तम. झेरॉक्सचा एक कागद साधारण १०० मायक्रॉन जाडीचा असतो आणि कंपनीचा रंग बहुतेक कागद-दीड कागद भरतो. ३०० च्या वर आकडा गेला तर वरून दुसरा हात बसलाय असं समजा. हजाराच्या पुढे गेला तर ती लांबीच.

आता काम. सकाळी लवकर, सावलीत, पत्रा गार असताना. आधी नुसत्या पाण्याने धूळ पाडा, मग गाडीच्या शाम्पूने धुवा. कपड्यांची पावडर वापरू नका, उरलंसुरलं तेलही ती ओढून नेते. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक फडकं खंगाळायची. वाळल्यावर अंगठा आणि तर्जनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवर फिरवा. खरखर लागली तर क्ले बार (चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी) फिरवावा लागेल, भरपूर शाम्पूचं पाणी मारत. आपल्याकडे रेल्वे आहे, रिफायनरी आहे. उघड्यावर राहिलेल्या गाडीवर लोखंडाचा कीस आणि काजळी चिकटलेली असतेच.

मग अख्ख्या गाडीला हात घालायचा नाही. बॉनेटच्या एका कोपऱ्यात, काचेजवळ, टेपने वीतभर चौकोन आखा. सर्वांत मऊ फिनिशिंग पॉलिश घ्या, ओल्या-कोरड्या फोमवर घ्या आणि हातानेच घासा. फोम निळा होईल. होऊ दे, या रंगात ते व्हायलाच हवं. (हेच आजच्या क्लिअर कोटवाल्या गाडीत झालं तर तिथल्या तिथे थांबायचं, कारण मग तुम्ही क्लिअर कोट पार करून रंगात शिरलेले असता.) पुसा आणि उन्हाकडे तिरकं बघा. मऊ पॉलिशने चौकोन उजळला तर रबिंगच्या (खरखरीत घासायच्या कंपाउंडच्या) डब्याचं झाकणही उघडायचं नाही. नाहीच उजळला, तर एक पायरी वर. बहुतेक पेंटरांची सवय उलटी असते : आधी सर्वांत कडक रबिंग, लोकरीचा बफ आणि गोल फिरणारं मशीन. काम पटकन होतं, पण कागदभर जाडीतला किती भाग गेला ते कोणी मोजत नाही.

चौकोन पटला की सगळ्या गाडीवर भरपूर तेल असलेलं ग्लेझ जाड लावा, जुन्या टर्किशच्या तुकड्याने, गोल गोल नव्हे तर लांबीच्या दिशेने, आणि रात्रभर तसंच राहू द्या. कोरडा पडलेला जुना इनॅमल ते पितो. सकाळी पुसाल तेव्हा रंगाला पहिल्यांदा खोली दिसेल. त्यानंतर मऊ पॉलिश. मशीन वापरायचंच असेल तर डोलत फिरणारं ड्युअल अ‍ॅक्शन वापरा, आणि फोम थोड्या थोड्या वेळाने बदला, नाहीतर सुटलेलीच भुकटी पुन्हा घासत बसाल. मशीन लावण्याआधी कडांवर टेप चिकटवा : बॉनेटची घडी, दरवाजावरची रेघ, मागच्या दोन्ही कल्ल्यांची धार. ओला रंग कडेवरून मागे सरकतो, म्हणून तिथे थर मुळातच पातळ असतो, आणि मशीनही सगळ्यात आधी तिथेच दाबतं. पद्मिनीचा प्रायमर उघडा पडलेला दिसतो तो नेहमी या धारांवरच. शेवटी कार्नोबा वॅक्सचा पातळ हात. तो दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा द्यावा लागेल. रंगाला वरून दुसरं पांघरूण नाही.

घासताना कुठे तांबूस किंवा करडं दिसू लागलं तर ती जागा सोडून द्या. प्रायमर दिसल्यावर पॉलिशला काही काम उरत नाही. तेवढ्याच जागेला टच-अप करा किंवा तशीच राहू द्या. मी तशीच ठेवीन. आणि कोरडा पॉलिश पेपर अजिबात मारू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, ती धूळ घरात लेकरांच्या नाकातोंडात जाते. ओलंच घासा, मास्क लावा.

पेंटरवर रागावू नका, रंगवणं हा त्याचा धंदाच आहे आणि त्याचा पीयू चांगलाच बसेल. पण २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात २१ गन सॅल्यूटवाल्यांनी जुन्या गाड्यांची स्पर्धा भरवली होती, ती आठवा. गर्दी चकचकीत गाड्यांभोवती असते. परीक्षक मात्र गाडी मूळ आहे का, हेही बघतात. नवा रंग कधीही मारता येईल, १९७८ चा परत मिळणार नाही. सगळं करूनही मन भरलं नाही, तर पेंटर आहेच.

प्रश्न : आमचा ड्रायव्हर गाडी रॉकेलच्या फडक्याने पुसतो. चमक तर छान येते. चालेल का?
— लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : चमक संध्याकाळपर्यंत. रॉकेलची ओल धूळ धरते, आणि दुसऱ्या दिवशी तेच फडकं ती धूळ रंगावर घासतं. वॅक्स असेल तर तेही निघतं, दारांचं रबर फुगतं. बंद करा. ड्रायव्हरला दोन मायक्रोफायबर घेऊन द्या आणि फडकं जमिनीवर पडलं तर ते गाडीला लावायचं नाही, एवढं सांगून ठेवा.

प्रश्न : गेल्या श्रावणात माझी स्टँडर्ड हेराल्ड रंगवून घेतली. मरून, एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग. बॉनेटवर धुक्यासारखा पांढरा पडदा आला आहे आणि डाव्या दिव्याखाली दोन ओघळ आहेत. पेंटर म्हणतो, वॅक्स मारा, जाईल. हे घरी निघेल का?
— अलकापुरी, बडोदा

उत्तर : पेंटर चांगला असेल, महिना चुकला. एनसीतला थिनर उडतो तेव्हा पत्र्यावरची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग गार पडतो, आणि श्रावणातल्या बडोद्याच्या हवेतलं पाणी त्याच्यावर बसून ओल्या थरात अडकतं. तोच तुमचा पडदा. भर पावसात रंगवायचंच असेल तर सावकाश उडणारा रिटार्डर थिनर लागतो, आणि कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढावं लागतं. दोन्हींत कंजुषी होते.

वॅक्सने पडदा जाणार नाही, झाकला जाईल, तोही चार दिवस. पडदा उथळ असेल तर मऊ पॉलिशने निघतो. वर सांगितलाय तसा चौकोन आखून बघा. खोल असेल तर कोरड्या हवेत, दिवाळीनंतर, पेंटरकडून नुसत्या रिटार्डर थिनरचा अगदी हलका फवारा मारून घ्या. एनसी रंग आपल्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळतो, वरचा थर सैल होतो, अडकलेली ओल निघून जाते. पीयूवर ही युक्ती चालत नाही. आणि तोवर सिलिकॉनवालं कुठलंही चकाकीचं स्प्रे लावू नका. त्यावर फवारलेला रंग फाटतो, बारीक बारीक गोल खड्डे पडतात.

ओघळांचं काम मात्र चवीने करण्यासारखं आहे. हेराल्डचं बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं पुढचं तोंड, मडगार्डांसकट पुढे उलटतं. तेव्हा ते उघडून दिव्याखालची जागा डोळ्यांसमोर घ्या. ओघळ नखाला टणक लागतोय ना, ते आधी बघा. आत मऊ असेल तर ब्लेडने सालपटासारखा ओढला जाईल आणि खड्डा उरेल. टणक असेल तर आजूबाजूला टेप लावून ओघळाच्या उंचवट्यावर मऊ पेन्सिलीच्या रेघा मारा. नवं ब्लेड दोन्ही हातांत धरून, किंचित वाकवून, जवळजवळ उभं ठेवून स्वतःकडे ओढा. कापायचं नाही, किसायचं. उंचवटा जवळपास बसला की १५०० चा पॉलिश पेपर लाकडाच्या किंवा कडक रबराच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळा, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि तेवढ्याच जागेवर चालवा. बोटाने घासू नका, बोट ओघळाबरोबर शेजारचा चांगला रंगही खातं. दर पाच-सात हातांनी पुसून बघायचं. पेन्सिल पुसली गेली की थांबा, मग २०००, मग ३०००, मग पॉलिश. जागा आधी भयंकर मॅट दिसेल. घाबरून पेंटरला फोन करू नका, पॉलिशने ती उठते.

प्रश्न : उत्तरायणात टपावर मांजा पडून राहिला होता. मुलाने तो ओढला, तेव्हा लांबलचक चरा पडला. शिवाय तुक्कलच्या (पतंगाच्या दोरीला बांधतात त्या कंदिलाच्या) मेणाचे थेंब आहेत. गाडी फियाट, रंग सहा-सात वर्षांपूर्वीचा, क्लिअर कोटवाला.
— रावपुरा, बडोदा

उत्तर : चऱ्यावर नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर पॉलिशने जाईल. अडकलं तर पूर्ण घालवायच्या भानगडीत पडू नका. तेवढ्या खोलीपर्यंत टप घासाल तर क्लिअर कोटच उरणार नाही. चऱ्याच्या दोन्ही धारा मऊ पॉलिशने गोलावल्या की उजेड त्यात अडकत नाही आणि दोन हातांवरून तो दिसेनासा होतो. पांढरं दिसत असेल तर काडीने टच-अप भरा. मेणाला नख लावू नका. गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर मिनिटभर ठेवा, मऊ झालं की दुसऱ्या फडक्याने टिपून घ्या. पुढच्या वर्षी १३ जानेवारीला गाडी धुऊन मगच कव्हर घाला, धुळीवर घातलेलं कव्हरही ओरखडेच काढतं. मांजा पडला तर मुलाच्या हातात कात्री द्या. काचेचा मांजा ओढायचा नसतो, जागच्या जागी कापून तुकडे उचलायचे.

प्रश्न : काळी अ‍ॅम्बेसेडर, रंग नवा पीयू. एका दुकानात पॉलिश करून आणली. ट्यूबलाइटखाली झकास, उन्हात मात्र कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा फिरताना दिसतात. बोअरच्या पाण्याचे डागही तसेच आहेत. पुन्हा त्यांच्याकडेच नेऊ का?
— राजवाड्याजवळ, इंदूर

उत्तर : न्या, पण सोबत टॉर्च घेऊन जा. या रेघा गोल मशीन आणि लोकरीच्या बफाच्या आहेत. शेवटचा बारीक हात राहिला आहे. मऊ फोम, फिनिशिंग पॉलिश आणि ड्युअल अ‍ॅक्शन मशीन एवढंच मागा, रबिंग पुन्हा नको म्हणून बजावा. देण्याआधी पॅनल स्पिरिटच्या पातळ पाण्याने पुसायला लावा, कारण तेलकट पॉलिश रेघा भरून टाकतं आणि पहिल्या धुण्यात त्या परत येतात. मग दुकानातले दिवे बंद करून टॉर्च तिरकी मारा, आणि पटलं तरच पैसे द्या. बोअरच्या डागांवर निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी, फडक्याने मिनिटभर ठेवून लगेच धुवा. त्यानेही उरलेले डाग क्लिअर कोटात उतरलेले आहेत. त्यांच्यासाठी पॉलिशच, तेही आत्ता दुकानात गाडी जातेच आहे तर त्याच हाताने करून घ्या. यापुढे बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळू देऊ नका.