उसाची गोडी कांड्यात कशी साठते

भाऊ, ऊस बारा महिन्यांचा झाला म्हणजे तोडीला आला, असं धरून चालू नकोस. आधी साखरेची वाट समजून घे.

साखर पानात तयार होते. तिथून सुक्रोजच्या रूपात रसवाहिन्यांतून खाली उतरते आणि कांड्यातल्या पेशींच्या रिक्तिकांमध्ये साठते. रिक्तिका म्हणजे पेशीतली पाणी-साखरेची टाकीच. बुडख्याकडची कांडी आधी पिकते, शेंड्याची कोवळी कांडी मात्र आलेली साखर वाढीतच खर्च करते. म्हणून वाढ्याजवळचा, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यालगतचा, ऊस चावलास तर पाणचट लागतो.

हँड रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाची गोडी मोजायचं हातातलं छोटं यंत्र, घे. एकाच उसाच्या बुडख्याचा आणि शेंड्याकडच्या कांड्याचा रस थेंबभर टाकून ब्रिक्स बघ, म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांचं, मुख्यतः साखरेचं, शेकडा प्रमाण. दोन्ही आकडे जवळपास आले की ऊस पक्व. खालचा २०, वरचा १३ असेल तर थांब. एका उसावर भरवसा नको, फडात ठिकठिकाणी बघ.

उशिरा युरिया टाकू नकोस, हे कळकळीने सांगतो. नत्र मिळालं की ऊस पुन्हा वाढीला लागतो आणि साखर साठवायची सोडून खर्च करतो. तोडीआधी पंधरा-वीस दिवस पाणीही तोड.

तोडल्यावर ऊस शक्यतो २४ तासांत गाळपाला जाऊ दे. पडून राहिला की सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. ऊस सुकल्याने ब्रिक्स तेव्हा उलट वाढलेला दिसतो, उतारा, म्हणजे उसातून हाती येणारी साखर, मात्र घटलेला असतो.