‘सांता’ स्त्रीलिंगी, मग सांताक्लॉज पुरुष कसा?

प्रश्न असा आला आहे: पोर्तुगीजमध्ये ‘सांता’ हे स्त्रीलिंगी विशेषण आहे, जसं सांता मारिया. मग दाढीवाल्या सांताक्लॉजच्या नावात ते कुठून आलं? आणि हा ‘सांता’ म्हणजे आपला ‘संत’च का?

पोर्तुगीजबद्दलचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. सांता मारिया, सांता कातारिना ही स्त्रियांची नावं. मुंबईतल्या सांताक्रूझमध्येही ‘सांता’ आहे, कारण ‘क्रूझ’ म्हणजे क्रूस हा शब्द पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी आहे. मराठीत आल्यावर तो पुल्लिंगी झाला. पुरुष संतांची मात्र दोन रूपं होतात. नाव स्वराने सुरू होत असेल तर ‘सांतो’, म्हणून गोव्यातल्या बेटाचं नाव ‘सांतो इस्तेव’, बोलण्यात सांत इस्तेव. व्यंजनाने सुरू होत असेल तर अनुनासिक ‘सांव’. गोव्यात २४ जूनला विहिरींत उड्या घेत साजरा होणारा सांजांव म्हणजे ‘सांव जुआंव’, संत योहान. सांताक्लॉज म्हणजे मुळात संत निकोलस. या नियमाने निकोलसचं पोर्तुगीज रूप ‘सांव निकोलाव’ होतं आणि तसंच ते आहे. म्हणजे पोर्तुगीजातून सांताक्लॉज निघणं शक्यच नाही. ‘सांतो क्लॉज’ असं मूळ रूपही कधी नव्हतं.

हे नाव डच आहे. डच मुलांना भेटी देणारा तो ‘सिंटरक्लास’. यातला ‘क्लास’ हा ‘निकोलास’चा शेपटाकडचा तुकडा. मराठीत नाव तोडताना आपण डोकं ठेवतो: दत्तात्रेयचा दत्तू, विनायकचा विन्या. डच आणि जर्मन लोकांनी इथे डोकं टाकून शेपूट ठेवलं. डचमध्ये क्लास, जर्मनमध्ये क्लाउस. ‘सिंट’ म्हणजे संत, आणि ‘सिंटर’मधला ‘र’ हा ‘हेर’ म्हणजे स्वामी, महाराज या शब्दाचा अवशेष धरतात. मराठी वळणाने सांगायचं तर ‘संत निकोलसमहाराज’.

डच बोलींत याचंच ‘सांते क्लास’ असं एक रूप होतं. आजचं न्यूयॉर्क १६६४मध्ये इंग्रजांनी घेतलं, तोवर ती डच वसाहत होती. राज्य गेलं तरी तिथल्या डच कुटुंबांनी आपले सण सोडले नाहीत. शेजारच्या इंग्रजी कानांनी ‘सांते’ ऐकलं आणि त्याचं काय केलं, हे छापील स्वरूपात दिसतं. डिसेंबर १७७३मधल्या न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात संत निकोलसच्या दिवसाची बातमी आहे आणि त्याचं दुसरं नाव तिथे ‘सेंट अ क्लॉज’ असं तीन तुकड्यांत छापलं आहे. छापणाऱ्याला ‘सेंट’ कळला, ‘क्लॉज’ हे नाव वाटलं. मधल्या ‘अ’चं काय करायचं ते कळलं नाही, म्हणून तो सुटा ठेवला. सांता या शब्दातला शेवटचा ‘आ’ तो हाच. त्याचा लिंगाशी काही संबंध नाही.

मूळ निकोलस चौथ्या शतकात मायरा इथला बिशप होता. हे गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देमरे. नाव ग्रीक आहे, ‘निके’ म्हणजे विजय आणि ‘लाओस’ म्हणजे लोक. भेटींची सगळी परंपरा त्याच्या एका आख्यायिकेवर उभी आहे. एका गरीब बापाच्या तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत. निकोलसने रात्री अंधारात त्यांच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी बापाने त्याला ओळखलं, तर ‘कुणाला सांगू नकोस’ एवढंच तो म्हणाला. चित्रांत त्याच्या हाती सोन्याचे तीन गोळे दाखवतात ते यामुळे. पुढच्या कथनांत थैली धुराड्यातून पडू लागली आणि वाळत घातलेल्या मोज्यात जाऊ लागली. गुपचूप, रात्री, थेट घरात पोचणारं दान: आजच्या सांताची तिन्ही लक्षणं इथेच आहेत. काहीजण त्याचं मूळ नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातला देव ओडिन आणि त्याच्या आठ पायांच्या घोड्यात शोधतात. साम्य आहे, पण साम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. निकोलसचा धागा नावासकट सापडतो, ओडिनचा तसा सापडत नाही.

निकोलसचा दिवस ६ डिसेंबर. नेदरलँड्समध्ये भेटींची रात्र ५ डिसेंबरची. तिथला सिंटरक्लास आजही बिशपच्या वेषात असतो: लाल झगा, उंच टोकदार टोपी, वर वळलेली काठी, खाली पांढरा घोडा. मुलं शेगडीजवळ बूट ठेवतात, त्यात घोड्यासाठी गाजर किंवा गवत घालतात आणि गाणं म्हणतात. सकाळी बुटात खाऊ असतो. त्यात चॉकलेटचं एक अक्षर असतं, मुलाच्या नावाचं आद्याक्षर. शब्दांवर प्रेम करणाऱ्या कुणालाही हेवा वाटावा असा खाऊ आहे हा.

अमेरिकेत बिशपची टोपी गेली, घोड्याच्या जागी रेनडियर आले. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वृत्तपत्रात १८२३च्या डिसेंबरात एक निनावी कविता छापली गेली, तिने आठ रेनडियरांची नावं पक्की केली. त्यातली शेवटची दोन तेव्हा ‘डंडर’ आणि ‘ब्लिक्सेम’ अशी होती. हे डच शब्द आहेत, मेघगर्जना आणि वीज. मजा अशी की त्या कवितेत ‘सांताक्लॉज’ हा शब्द एकदाही येत नाही. तिथे तो सेंट निकोलसच आहे.

शब्द किती घसरू शकतो याचं याहून मोठं उदाहरण शेजारीच आहे. सुधारणावादी, म्हणजे प्रॉटेस्टंट, जर्मन प्रांतांत संतांची पूजा नको म्हणून भेटी देण्याचं काम बाळ येशूकडे दिलं गेलं, ‘क्रिस्टकिंडल’, म्हणजे चिमुकला ख्रिस्त. अमेरिकेत या शब्दाचं ‘क्रिस क्रिंगल’ झालं आणि ते चक्क म्हाताऱ्या सांताचंच दुसरं नाव ठरलं.

आता ‘संत’. इथे जपून राहायला हवं, कारण ध्वनी आणि अर्थ दोन्ही जुळतात. तरी नातं नाही. आपला संत संस्कृत ‘सत्’च्या ‘सन्तः’ या रूपातून आला. मुळात ‘अस्’ म्हणजे असणे. ‘सांता’, ‘सिंट’, ‘सेंट’ हे लॅटिन ‘सांक्तुस’चे वंशज, अर्थ पवित्र केलेला. मागे गेलं तर दोन्ही वाटा वेगळ्या होतात.

उलट जिथे कुणी नातं शोधत नाही तिथे ते आहे. ‘नाताळ’ पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला, तो लॅटिन ‘नातालिस’ म्हणजे जन्माचा, यावरून. लॅटिन ‘नातुस’चं जुनं रूप ‘ग्नातुस’, आणि ते संस्कृत ‘जात’, ‘जन्म’ यांच्याच कुळातलं. शेवटच्या ‘ळ’बद्दलही विचारतात. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘ल’ जड, घशाकडे ओढलेला उच्चारतात. आपल्या कानाला तो ‘ळ’च्या जवळचा वाटला असावा. ‘इस्पितळ’ हा शब्दही तसाच आला.

लिहिताना: मायराच्या बिशपला ‘संत निकोलस’, डच सणाबद्दल ‘सिंटरक्लास’, नाताळातल्या म्हाताऱ्याला ‘सांताक्लॉज’, एकत्र लिहावं. ‘ज’ आवाजमधला, जीवनमधला नव्हे. सामान्यरूप ‘सांताचा’, ‘सांताने’. घोडा–घोड्याचा या चालीवर ‘सांत्याचा’ होत नाही, काका, दादा, बाबा यांच्या पंगतीत तो बसतो. नुसतं ‘सांता’ रूढ आहे आणि चालेल, पण लक्षात घ्या, ती केवळ उपाधी आहे. तुकोबांना नाव न घेता नुसतं ‘संत’ म्हणावं तसं. ‘नाताळबाबा’ हा शब्द मला सगळ्यांत आवडतो. पोर्तुगीजमध्ये त्याला ‘पाय नाताल’ म्हणतात, ‘पाय’ म्हणजे बाप, आणि गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत वडिलांना आजही पाय म्हणतात. ‘नाताळबाबा’ हा त्याचा नेमका मराठी जोडीदार आहे.