जुन्या पीसीवर कॅडचं काम अडतंय. नवा आत्ता घ्यावा की थांबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी बसून कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या फाउंड्र्यांसाठी (ओतकामाच्या कारखान्यांसाठी) पॅटर्न आणि कोअर बॉक्स, म्हणजे ओतकामाच्या साच्यांना लागणारे नमुने, यांचं थ्रीडी मॉडेलिंग करता. पीसी इंटेलच्या फोर्थ जनरेशन आय५ प्रोसेसरचा, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. साठ हजार बाजूला काढलेत. दुकानदार म्हणतो घेऊन टाका. भाचा म्हणतो थांब, नवे प्रोसेसर येतायत, रॅमही उतरेल. कुणाचं ऐकायचं?

मी याच धंद्यातला, शिरोलीच्या बाजूला, वीसेक वर्षं झाली. माझं कॉम्प्युटरचं दुकान नाही, त्यामुळं तुम्ही घेतला काय न घेतला काय, मला त्यात काही सुटत नाही.

आधी माझीच फजिती ऐका. २०१६ साली माझा पीसी असाच कुंथायला लागला होता. बाजारात सिक्स्थ जनरेशन होतं, पण सेव्हन्थ येणार अशी हवा होती. म्हटलं थांबू. दिवाळी गेली. नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि पार्ट्यांकडचे पैसेच अडकले, तेव्हा थांबायला आयतं कारण मिळालं. जानेवारी २०१७ला सेव्हन्थ आलं. बघतो तर क्लॉक, म्हणजे वेग, थोडा जास्त, बाकी तेच चार कोअर (प्रोसेसरच्या आत राबणारे गडी म्हणा). पाडव्याला घेतला, हार घातला, पेढे वाटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात एट्थ जनरेशन आलं आणि आय५ला चाराचे सहा कोअर झाले!

तरी मनाची समजूत घातली, पुढं कधीतरी नुसता प्रोसेसर बदलू, सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसरची जागा, तर तीच आहे, ११५१. पण नाही. सॉकेटचा आकडा तोच ठेवून इंटेलनं नवा प्रोसेसर नव्या ३०० सिरीजच्या बोर्डावरच चालेल अशी व्यवस्था केली होती. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, तर त्याच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण एट्थ जनरेशनपासून पुढचेच. म्हणजे मी थांबलो खरा, पण चुकीच्या गाडीसाठी.

मी सेव्हन्थ घेतलं त्याच वर्षी, २०१७ला, शेजारच्या गाळ्यातल्या मित्रानं एएमडीचं पहिलं रायझन घेतलं, एएम४ सॉकेटच्या बोर्डावर. आम्ही त्याला हसलो, कारण तेव्हा एएमडी म्हटलं की गरम होतं आणि मागं पडतं एवढंच डोक्यात होतं. २०२२ मध्ये एएमडीनं त्या जुन्या बोर्डांनाही ५००० सिरीजचे प्रोसेसर चालू करून दिले. मित्रानं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, झालं. बोर्ड तेच, रॅम तीच, कॅबिनेटमधली धूळसुद्धा तीच. आता हसायची पाळी त्याची.

तेव्हापासून मी स्वतःपुरतं ठरवलंय की थांबायचं ते तारखेसाठी, बातमीसाठी नाही. "येतंय म्हणे" ही बातमी. अमुक दिवशी दुकानात मिळणार आणि माझ्या बोर्डावर बसणार, ही तारीख.

पण तुमच्या बाबतीत त्याच्याही आधीचं काम आहे. तुमचा पीसी नेमका कुठं अडतोय हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बहुतेक तुम्ही पाहिलेलंही नसेल. नेहमीचं काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर ठेवा. एक आठवडा. जेव्हा जेव्हा हात आखडून बसावं लागतं, तेव्हा तिथं नजर टाका.

डिस्क १०० टक्के दिसत असेल, फाईल उघडताना, सेव्ह करताना, सकाळी मशीन चालू करताना, तर दोष त्या फिरत्या हार्ड डिस्कचा. ५०० जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका आणि विंडोज तिच्यावर घ्या. हा पैसा वाया जात नाही. उद्या नवा पीसी घेतला तरी ती एसएसडी त्यात लागते. मेमरी कायम नव्वदीच्या वर असेल तर ८ जीबीचे १६ करा. मात्र तुमच्या बोर्डाला डीडीआर३ लागते आणि ती पुढच्या कुठल्याही नव्या बोर्डात बसणार नाही, म्हणून नवी कोरी घेऊ नका. दुरुस्तीवाल्यांकडे जुन्या मशीनमधून काढलेल्या पडून असतात.

तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. मॉडेलच्या वरच्या बाजूचं एक माप बदललं, रिबिल्ड, म्हणजे मॉडेल पुन्हा बांधणं, चालू झालं, मशीन गप्प. तुम्ही सीपीयूचा आकडा बघता तर २५ टक्के. माणूस म्हणतो, प्रोसेसर तर मोकळा आहे, मग अडलंय काय? अहो, तुमच्या आय५ला चार कोअर आहेत. चारातला एक पूर्ण राबतोय आणि तीन बसून आहेत, त्याची सरासरी २५. सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये रिबिल्ड हे बहुतांशी एकापाठोपाठ एक चालणारं काम असतं. आधी बॉडी, मग ड्राफ्ट (बाजूंचा उतार), मग फिलेट (कडांची गोलाई). फिलेटला ड्राफ्ट झाल्याशिवाय हात लावता येत नाही. मोल्डिंगच्या (साच्याच्या) आधी पोअरिंग (धातू ओतणं) होत नाही, तसंच. इथं चाराचे सोळा कोअर केले तरी फरक थोडाच पडतो. तो एक कोअर किती वेगानं पळतो त्यावर सगळं. रेंडरिंग आणि सिम्युलेशन यांची गोष्ट वेगळी, तिथं जितके कोअर तितकं बरं. पण पॅटर्नवाल्याला रेंडर कोण मागतो?

तुमचा त्रास हा तिसरा असेल तर एसएसडी, रॅम काहीही टाकून उपयोग नाही. नवा प्रोसेसर, म्हणजे नवं बोर्ड, म्हणजे नवी रॅम. आणि मग थांबण्याचा हिशोब असा मांडा. समजा दिवसाची ४० मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात. महिन्याचे २५ दिवस धरले तर हजार मिनिटं, साडेसोळा तासांच्या वर. तासाला २०० रुपये जरी धरले (घरून काम करणारे स्वतःचा तास फुकटच धरतात, ते सोडा), तरी महिन्याला तेहतीसशे. भाच्याचं ऐकून सहा महिने थांबलात तर वीस हजार गेले, आणि ते कुठल्या बिलावर दिसणार नाहीत.

आता रॅम. भाव चढलेत हे खरंच आहे. २०२५च्या दिवाळीच्या आसपास जी चढण सुरू झाली, तिच्यात काही महिन्यांत नव्या बोर्डांची डीडीआर५ रॅम दुप्पट-तिप्पट झाली. कारण एआयच्या डेटा सेंटरांची भूक. जगातली बहुतेक मेमरी तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि त्यांना तीच क्षमता एआयच्या महागड्या मेमरीकडे वळवणं परवडतं. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये, तुमच्या-आमच्यासारख्यांना विकायचा क्रूशिअल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. त्यामुळं "दोन महिन्यांत उतरेल" असं छातीठोक सांगणाऱ्याला विचारा, कशाच्या जोरावर?

कॉम्प्युटरचं सामान काळाबरोबर स्वस्तच होतं, हा आपला जुना समज. २०११ साली मी एक टीबीची हार्ड डिस्क अजून थोडी उतरू दे म्हणून थांबलो होतो. ऑक्टोबरात थायलंडमध्ये महापूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि भाव एकदम दुपटीच्या घरात. तेव्हा आम्हाला गंमत वाटली, कुठला पूर आणि कुठली महागाई. पुढं २०१९ आणि २०२१ला आपल्या पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले तेव्हा कारखाना पाण्यात जाणं म्हणजे काय ते कळलं. गुळाचा दर चढेल म्हणून रवे (ढेपा) घरात ठेवणारे तुम्हीही पाहिले असतील. कधी साधतं. कधी पावसाळी हवेनं गूळ पाझरायला लागतो आणि मिळेल त्या दरानं काढावा लागतो.

मी असतो तर रॅमपुरताच थांबलो असतो, पीसीपुरता नाही. म्हणजे आत्ता १६ जीबीची एकच पट्टी घ्यायची, एक खाच मोकळी ठेवायची, आणि भाव उतरला की तशीच दुसरी. दोन पट्ट्या असल्या की थोडा वेग जास्त मिळतो हे खरं, पण तीस-चाळीस पार्टच्या असेंब्लीला त्यानं अडणार नाही.

तारखेच्या म्हणाल तर तुमच्यासाठी दोनच गोष्टी आहेत. एक, विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळवता येतात. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत. पार्ट्यांची ड्रॉइंग तुमच्या मशीनवर असतात, म्हणून नोंदणी आजच करा. फोर्थ जनरेशनवर विंडोज ११ आडमार्गानं चढवणारे भेटतील. पोटापाण्याच्या मशीनवर ती कसरत नको.

दुसरी, तुम्ही रीतसर हिशोब ठेवून घसारा दाखवत असाल तर. कॉम्प्युटरवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्याच्या निम्माच. सप्टेंबरअखेरच्या आत मशीन चालू झालेलं बरं. जीएसटी नंबर असेल तर पक्क्या बिलावरचे १८ टक्के वळते होतात. "बिलाशिवाय दोन हजार कमी करतो" याला भुलू नका, वॉरंटीच्या वेळी तेच बिल मागतात. तुमचा अंदाजित उत्पन्नाचा मामला असेल, म्हणजे ठरावीक टक्के नफा धरून कर भरत असाल, तर घसाऱ्याचं सगळं विसरा, सीएला एक फोन करा.

जीएसटी कमी होईल म्हणून थांबणं मात्र नको. २२ सप्टेंबर २०२५ला दर बदलले तेव्हा आमच्यातला एक जण लॅपटॉपसाठी महिनाभर दबा धरून बसला होता. उतरले ते ३२ इंचांवरचे मॉनिटर, २८वरून १८ला. लॅपटॉप आधीही १८वर, नंतरही १८वर. त्यानं मग रागानं मोठा मॉनिटर घेतला.

साठ हजारांत काय घ्यावं? माझं मत एएम५ सॉकेटचं बोर्ड आणि सहा कोअरचं रायझन ५. २०२७पर्यंत आणि पुढंही हे सॉकेट चालवू, असं एएमडीनं जाहीर केलंय, आणि मागच्या सॉकेटला त्यांनी कसं वागवलं ते मी शेजारच्या गाळ्यात पाहिलंय. भाच्याला जे नवे प्रोसेसर हवेत ते त्यात पुढं बसायची शक्यता तिथं जास्त. बोर्ड अगदी तळातलं घेऊ नका, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ब्रँडेड घ्या. कॅबिनेट, कीबोर्ड, मॉनिटर जुनाच चालवा. ग्राफिक कार्ड पहिल्या दिवशी लागेलच असं नाही. महिनाभर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काढून बघा, मॉडेल फिरवताना अडलं तर घ्या.

बजेट ताणलं जात असेल तर आणखी एक वाट आहे. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले जुने ब्रँडेड पीसी पुण्या-मुंबईहून येतात, राजारामपुरीत विचारलंत तर कुणीतरी दाखवेलच. त्यात डीडीआर४ रॅम आधीच असते, म्हणजे आजच्या महागाईतून ती तेवढी सुटली. अट एकच, इंटेल एट्थ जनरेशनच्या खालचा घ्यायचा नाही, कितीही स्वस्त असो. नाहीतर माझ्या सेव्हन्थसारखा हार घालून कोपऱ्यात ठेवावा लागेल. ("आय५ आहे, आय५ आहे" असं दोनदा सांगणाऱ्याला जनरेशन विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो.)

तर माझ्या मते क्रम असा. या आठवड्यात टास्क मॅनेजर. डिस्क दोषी निघाली तर एसएसडी टाकून हे वर्ष खुशाल काढा, भाचाही खूश. २५चा आकडा दिसला तर पुढच्या महिन्याची वाट न बघता मशीन घ्या, आणि घेतल्यावर वर्षभर किमती बघू नका. मी बघत होतो, उगाच जेवण गोड लागत नव्हतं.

आणि घर शाहूपुरी, कुंभार गल्लीकडं असेल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट झालं की ड्रॉइंगचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यायचा, ४३ला मशीन माळ्यावर.